दिवसभराचा चहा एकदम

त्याला ऑफिसात सगळे घड्याळ्या म्हणायचे. मोठमोठ्या कंपन्यांनी वीज कुठून घ्यावी, सौर की पवन की आणखी कुठली, हे तपासून सांगणं हे त्याचं काम. आणि कुठलाही प्रस्ताव आला की हा पठ्ठ्या विचारणार, "वीज मिळेल हो, पण किती वाजता?" विचारायचा बरोबर. पण समजवायला उभा राहिला की तासातासाचे तक्ते असे काढायचा की ऐकणाऱ्यांचे डोळे मिटायचे. मागच्या बैठकीत तर एक साहेब चक्क घोरले.

म्हणून त्याच्या साहेब असलेल्या ताईंनी निक्षून सांगितलं होतं, "हे बघ, ही ब्रेड कंपनी आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. आज पटवलंस तर ठीक. नाहीतर उद्यापासून तू आत बसून आकडे भर, बोलायला मी दुसऱ्याला पाठवते. आणि एकही तक्ता नको!"

तक्ता नको! म्हणजे हात बांधून पोहायला सांगितल्यासारखं झालं.

कंपनीच्या भट्ट्या चालायच्या रात्री आणि पहाटे. मालकांना मात्र सौरच हवं होतं, सगळंच्या सगळं. वर्षाला लागते तेवढी वीज पॅनल देणार, बेरीज जुळतेय, मग घोडं अडलं कुठं? करार पंधरा वर्षांचा. एकदा सही ठोकली की सुटका नाही.

बैठकीआधी घड्याळ्या कंपनीच्या कँटीनमध्ये शिरला.

"काकू, आज वरच्या बैठकीचा दिवसभराचा चहा एकदमच पाठवाल? दुपारी बाराला?"

कँटीनवाल्या काकूंच्या हातातली गाळणी हवेतच राहिली. "सकाळचा, जेवणानंतरचा, चारचा... सगळा?"

"सगळा. एक कप कमी नको, एक जास्त नको."

"अरे बाबा, मालक चहाशिवाय माणसात येत नाहीत!"

"मला तेच हवंय."

"बघ हं. काही झालं तर तुझं तू निस्तर."

बैठक सुरू झाली. चहा नाही. मालकांनी एकदा दाराकडे बघितलं, मग परत. हिशेब सांभाळणाऱ्या बाई सौरचे आकडे वाचत होत्या, पण मालकांचं लक्ष कुठलं लागायला!

"चहाचं काय झालं?"

"येणार ना साहेब," घड्याळ्या म्हणाला. "दिवसाचा जेवढा ठरलाय तेवढा पूर्ण येणार."

ताईंनी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. जोरात.

शेवटी मालक वैतागले. समोरच्या झकपक हॉटेलातून सगळ्यांसाठी कॉफी मागवली, दर ऐकून तोंड वाकडं केलं, तरी घेतली. करतात काय! हे काही घड्याळ्याने ठरवलेलं नव्हतं. तो मनात म्हणाला, अरे वा, हे तर माझ्याहून पुढे गेले.

बारा वाजले आणि ट्रॉल्या आल्या. एकामागून एक. टेबल भरलं, खिडकीचा कट्टा भरला, कागद ठेवायला जागा उरली नाही.

"हे काय? कुणाचं लग्न आहे का इथे?" मालक ओरडले. "कोण पिणार एवढा? जा, खाली पॅकिंगवाल्यांना वाटून टाका!"

घड्याळ्या उठला. समोर एवढा चहा असून एक घोट प्यायची हिंमत नव्हती.

"साहेब, काकूंची चूक नाही. मी सांगितलं होतं त्यांना. पण बेरीज बघा, रोजचेच कप आहेत. एकही कमी नाही."

ताईंनी कपाळाला हात लावला.

आधी हसू फुटलं ते हिशेबाच्या बाईंना. "म्हणजे सकाळी चढ्या भावाने कॉफी घेतली, आणि दुपारी आपलाच चहा फुकट वाटला!"

"अगदी तेच, बाई! पहाटे भट्ट्या पेटल्या की बाजारातून सांगतील त्या भावाने वीज घ्यायची. आणि दुपारी पॅनलची उरलेली पडत्या भावात विकायची. पंधरा वर्षं."

मालक त्याच्याकडे रोखून बघत राहिले. "एवढं सांगायला तू मला सकाळपासून तंगवलंस?"

"हो. तक्ता काढला असता तर तुम्ही झोपला असतात."

मालकांच्या मिशा हलल्या. आता ओरडणार असं वाटलं, तर ते खो खो हसत सुटले. "आगाऊ आहेस! बरं, मग पहाटे कोण देतंय वीज? ते सांग."

त्यालाही उत्तर तयार होतं. आलेल्या प्रस्तावांत एक पवनचक्क्यांचा होता, डोंगरपठारावरचा. तिथे अंधार पडला की वारा जोर धरतो, वर्षभराची मोजमापं होती. विजेचा मोठा वाटा तिथून घ्यायचा, आणि दिवसा चालणाऱ्या पॅकिंगपुरतं सौर घ्यायचं. बाईंनी आकडे उलटसुलट तपासले, चार खोचक प्रश्न विचारले आणि मान डोलावली. सौरचा करार सही न होताच बाजूला गेला.

बाहेर पडल्यावर ताई भराभर जिना उतरू लागल्या. घड्याळ्या मागोमाग.

"उद्या त्या इस्पितळवाल्यांची बैठक आहे," त्या खाली पोचल्यावर म्हणाल्या. "तूच बोलायचं."

"खरंच, ताई?"

"खरंच. फक्त त्यांच्या पेशंटना काही करू नकोस, एवढी कृपा कर."