पिवळा टाका

मित्रांनो, कोपऱ्यात चादर पांघरून बसते ना, तशीच मी एक जुनी शिवणमशीन आहे. पण मला चादरीखाली बसायचे नाही. मी काय शिवले ते ऐकाच.

माझ्या मालकिणीला सगळी गल्ली ताई म्हणते. काम कोणतेही असो, पहिला टाका ती पिवळ्या दोऱ्याचा घालते, आतल्या बाजूने, कोणाला दिसणार नाही असा. "हा देवाचा, बाकीचे तुमचे," असे गिऱ्हाइकाला सांगते. झबली, अभ्रे, शाळेचे गणवेश, सगळ्यांत तो आहे. लोक आमची शिलाई वाखाणत.

एकदा तिच्या धाकट्या भावाने जाड कापड आणले. "ताई, तीन पिशव्या शिवून दे. पुस्तके न्यायची आहेत."

"तू आणि पुस्तके? सूर्य कुठे उगवला आज?" ती हसली आणि शिवून दिल्या.

एक पिशवी बसथांब्यावर स्फोट होऊन फुटली, दुसरी बाजारात. माणसे गेली. त्यांतल्या एका मुलीचा गणवेश मीच शिवला होता. तिसरी फुटली नाही. ती घेऊन पोलीस शिंप्यांची दुकाने फिरत आमच्या दारात आले. ताईने पिशवी उलटून शिवण पाहिली.

"टाका माझा आहे," ती हळू म्हणाली. "शिवून घेणारा आत जेवतोय."

न्यायालयात पुरावा म्हणून मीही गेले, गळ्यात चिठ्ठी बांधून. भाऊ म्हणाला, लोकांना जागे करायला केले. त्याच्या वकिलाने ताईला विचारले, "पिवळा दोरा काय, कोणीही वापरेल. टाका तुमचाच कशावरून?" 'नसेल माझा' एवढे ती म्हणाली असती तर खटला ढिला पडला असता.

"देवाच्या नावाने घातलाय. नाही कसे म्हणू?"

"मग मी तुझा कोणी नाही?" भावाने विचारले.

"आहेस ना. म्हणून तर तुरुंगात डबा आणते."

त्याला जन्मठेप झाली. मी घरी आले. शेजारीण म्हणाली, "ताई, ही अवदसा भंगारात घाला." अवदसा? मी कापड शिवले, स्फोट नाही! ताईने मला तेल दिले. गिऱ्हाईक मात्र फिरकेना.

मग एक दिवस त्या मुलीची आई आली. तिने धाकटीच्या गणवेशाचे कापड माझ्यावर ठेवले.

"मोठीच्या गणवेशात होता, तसाच टाका घाला."

ताईने पिवळा दोरा ओवला. माझी सुई चुकली नाही.

मित्रांनो, मला तेल द्या, पट्टा बदला. पिशवी मागणाऱ्याला आत काय भरणार, तेही विचारा. पण मला भंगारात घालू नका. मी गंजायला तयार नाही.