आयसमची बहीण

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी खापरपणजोबांचा शोध सुरू केला. त्यांचं नाव आयसम. जॉर्जियातल्या एका कापसाच्या मळ्यावर ते गुलाम म्हणून जन्मले आणि सुटका झाल्यावर त्याच जिल्ह्यात वाट्यानं शेती करत राहिले. बायको लविनिया, नऊ मुलं आणि घरात सांभाळलेली बहीण केझाया, एवढं आमच्याकडे सगळ्यांना पाठ होतं. १८८०च्या जनगणनेतही केझायाच्या नावापुढे ‘बहीण’ असंच आहे.

चौथ्या वर्षी चर्चच्या एका जुन्या वर्तमानपत्रात मला आयसमनं दिलेली जाहिरात सापडली. साल १८६७. सुटलेले लोक तेव्हा ताटातूट झालेल्या माणसांसाठी अशा जाहिराती देत आणि पाद्री त्या दर रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवत.

‘माझी बायको केझाया आणि पाच वर्षांची मुलगी रोडी यांना चौदा वर्षांपूर्वी एकाच दिवशी विकलं. केझायाला मिसिसिपीला नेलं, रोडीला अलाबामाच्या माणसानं घेतलं. केझायाच्या डाव्या भुवईवर भाजल्याची खूण आहे. कुणाला ठाऊक असेल तर कळवावं.’

बायको. मी झेरॉक्स काढली आणि तडक अर्नेस्टीन आत्याकडे गेले. आत्या चौऱ्याण्णव वर्षांची. भेंडी चिरत बसली होती.

“आत्या, केझाया आयसमची बहीण नव्हती.”

“जन्मभर पोस्टात होतीस ना गं? आणि ही बातमी तुला आज पोचली?”

“म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“माझ्या आजीनंच दार उघडलं होतं तिला. आयसमची लेक ती, तेव्हा सात वर्षांची.”

मग आत्यानं सुरी खाली ठेवली आणि सांगितलं. जाहिरात दिल्यावर आयसमनं चार वर्षं वाट पाहिली आणि लविनियाशी लग्न केलं. केझायाला त्या जाहिरातीचा पत्ता लागला तो ती छापल्यावर बारा वर्षांनी. मिसिसिपीहून ती निघाली, बरीचशी वाट पायी चालत आली. लविनियानं तिच्या भुवईवरची खूण पाहिली आणि म्हणाली, “आत या. जेवायचं असेल अजून.” आयसम तीन आठवडे मक्याच्या कोठारात झोपला. शेवटी लविनियाच त्याला म्हणाली, “असा किती दिवस बाहेर राहणार आहेस? गावाला सांग, बहीण आलीय.”

“आणि केझायाला काय वाटलं?”

“ते कोण विचारतंय, पोरी? आजी एवढंच सांगायची, नऊही मुलांना न्हाऊमाखू तिनंच घातलं. आणि आयसम घरात आला की ती उठून अंगणात जायची.”

रोडीचा पत्ता केझायालाही कधी लागला नाही. तो शोध मग मी घेतला. त्या वयाच्या रोडी नावाच्या बायका अलाबामाच्या जनगणनेच्या यादीत अकरा निघाल्या. ज्यांचे वंशज सापडले, त्यांना मी पत्रं लिहिली. दोघांनी कळवलं, आमची नव्हे. बाकीचे गप्प राहिले.

आठ महिन्यांनी अलाबामातल्या मोबील शहरातून एका बाईचा फोन आला.

“तुमचं पत्र वाचलं. आमची रोडी पणजी विकत घेऊन आणलेली होती. कुठून, ते कुणाला माहीत नाही. पण आमच्याकडे दर पिढीत एका मुलीचं नाव केझाया ठेवतात. पणजीनं घालून दिलेली रीत. कारण तिनं कधी सांगितलं नाही.”

“सध्या कुणाचं आहे ते नाव?”

“माझंच.”

पुढे डीएनए तपासणी केली, नातं जुळलं. जुलैत आमच्या घराण्याचा मेळावा असतो. त्याला मोबीलहून चौदा जण आले. येताना खेकड्यांचे दोन मोठे डबे घेऊन आले. अर्नेस्टीन आत्यानं केझायाला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि चष्मा काढून तिचा चेहरा बराच वेळ न्याहाळला.

“जरा बारीक आहेस,” आत्या म्हणाली. “ताट वाढा गं हिला कुणीतरी.”