न विझणारे लाल दिवे

मुलांनो, डोळे मिटा म्हणणार होतो, पण मग वाचणार कसं? तेव्हा उघड्या डोळ्यांनीच एक गाडी समोर आणा. निळी म्हणून घेतलेली, आता कुठल्याच रंगाची न राहिलेली. तुमच्यापेक्षा वयाने मोठी, म्हणून तिला नावं ठेवायची नाहीत. तिच्या मागे दोन लाल दिवे. ब्रेक दाबला की लागायचं, पाय काढला की विझायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्या सकाळी ते लागले ते लागलेच. पाय काढला तरी, किल्ली काढली तरी.

एरवी घरात कुणी फिकीर केली नसती. पण दुपारी आत्याची गाडी चालवायची परीक्षा होती. आत्या नर्स. घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या जखमा बांधायचं काम तिला मिळत होतं, अट एकच, लायसन्स. आज ते मिळालं नाही तर सोमवारी काम दुसरीला. आणि परीक्षा घेणारे साहेब मागचे दिवे तपासल्याशिवाय गाडीत पाऊल ठेवत नसत.

अशा वेळी लोक घाबरतात. या घराला तशी गरज नव्हती, कारण घरात काका होते. काका छत्र्यांच्या दुकानात कामाला, पण त्यांना दुरुस्त करता येत नाही अशी वस्तू जगात जन्माला यायची होती. गेल्या वर्षी त्यांनी मिक्सर दुरुस्त केला. तेव्हापासून त्या मिक्सरने तोंडातून ब्र काढलेला नाही.

काकांनी आधी दोन्ही बल्ब काढले. "घे. विझले."

"दादा, पण आता ब्रेक दाबल्यावर लागतील का?" आत्याने विचारलं.

"एका वेळी एकच काय ते माग."

बल्ब परत बसले. मग काकांनी बॅटरीची वायर सोडवली. दिवे गेले, हॉर्न गेला, गाडी सुरू व्हायचीही बंद झाली.

"आता कसं शांत वाटतंय," काका म्हणाले.

"मग मी ढकलत नेऊ परीक्षेला?"

काकांनी कुरकुरत वायर जोडली आणि ते उगाच आत डोकावले. ड्रायव्हरच्या पायापाशी, रबरी चटईवर पिवळट चुरा पडला होता. काकांना गुन्हेगार सापडला.

"भिंगरे, गाडीत बिस्किटं खाल्लीस?"

भिंगरी म्हणजे त्यांची पुतणी, वय वर्षं नऊ.

"नाही खाल्ली."

"मग काय गाडीने खाल्ली? झाडू आण."

भिंगरीने झाडू आणला, ती खाली बसली आणि थांबली. चटईवरून मुंग्यांची रांग चालली होती, आणि ती चुऱ्याला वळसा घालून पुढे जात होती. बिस्किटाला वळसा घालणारी मुंगी तुम्ही पाहिली आहे? भिंगरीनेही नव्हती पाहिली. तिने एक तुकडा चिमटीत धरून बघितला. ते प्लास्टिक होतं.

खाली काही पडलेलं दिसलं की काय करायचं? वर बघायचं. फळ पडलं की आपण झाडाकडेच बघतो ना. भिंगरीने वर बघितलं. बरोबर डोक्यावर ब्रेकचा दांडा होता. दांड्याच्या पट्टीला एक गोल भोक होतं, आणि भोकातून एक छोटी खुंटी बाहेर डोकावत होती.

फ्रिजच्या दाराजवळची कळ तुम्ही बोटाने दाबून बघितली असेल. दाबली की आतला दिवा जातो. इथेही तसंच असतं. ब्रेकवर पाय नसतो तेव्हा दांडा त्या खुंटीला दाबून धरतो आणि दिवे बंद राहतात. पाय दिला की दांडा सरकतो, खुंटी सुटते, दिवे लागतात. भोकात एक प्लास्टिकची चकती होती, खुंटीला दाबायची ती चकतीच. ती म्हातारी होऊन चटईवर पडली होती, आणि काका तिला बिस्किट म्हणत होते.

भिंगरीने खुंटीवर बोट दाबलं. नेमकी तेव्हाच काकांनी मागे दिव्याच्या काचेवर चापट मारली. दिवे विझले.

"लूज कनेक्शन," काका म्हणाले. "मी सकाळीच ओळखलं होतं."

भिंगरीने बोट काढलं. दिवे लागले. काकांनी पुन्हा चापट मारली. मग दुसरी, मग दोन्ही हातांनी. दिव्यांना लाज म्हणून नव्हती.

"आत्या, इकडे ये," भिंगरी हळूच म्हणाली.

आत्या वाकली, तिने बघितलं आणि ती वाद घालत बसली नाही. अंगातल्या स्वेटरचं मोठं, मागे दांडी असलेलं बटण तिने उपटलं, दांडी भोकात घालून मागून दोऱ्याने घट्ट बांधली. खुंटी दबली, दिवे विझले. मागे काकांची चापट चालूच होती.

"विझले. काय म्हटलं होतं मी?"

"तेच म्हटलं होतंस, दादा. बस गाडीत, उशीर होतोय."

परीक्षेच्या मैदानावर साहेब गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. "दाबा." दिवे लागले. "सोडा." विझले.

गोष्ट इथेच संपायची. पण साहेब सहज म्हणाले, "गाडी जुनी असून दिवे चांगले ठेवलेत." आणि काकांना स्वतःचं तोंड ही एकच वस्तू दुरुस्त करता आलेली नव्हती.

"चांगले कसले, साहेब. सकाळी विझतच नव्हते. मी अशी एक चापट ठेवून दिली."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "चापटीवर चालणाऱ्या गाडीत मी बसत नाही. पुढच्या महिन्यात या."

आत्याचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

भिंगरी मागच्या सीटवरून उतरली. "साहेब, तुम्ही दिव्यांकडेच बघत राहा," ती म्हणाली. मग आत्याच्या पायांपाशी वाकून तिने बटण सोडवलं. दिवे लागले.

"काका, आता मारा चापट."

काकांनी इकडेतिकडे बघत मारली. दिवे जळतच होते.

भिंगरीने बटण परत बसवलं, दोरा आवळला. दिवे विझले. मग ती गाडीला वळसा घालून गेली आणि साहेबांसाठी पुढचं दार उघडून उभी राहिली.