फाटक्या पुस्तकांची टोपली

तेवीस पुस्तकं गोदावरीत सोडल्याचं रोहिणीला शुक्रवारी सकाळी फोनवर कळलं. फोन संध्याचा होता. ती थोडं सांगत होती आणि मग रडत होती. नदीत म्हणजे कुठे, असं रोहिणीने पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर तेच येत राहिलं. आनंदवलीच्या बाजूला, पायऱ्यांवरून.

रोहिणी गंगापूर रोडवरच्या एका सार्वजनिक वाचनालयात बालविभाग सांभाळते. तिथे पुस्तकं कपाटात नसत. गुडघ्याएवढ्या उघड्या फळ्यांवर असत. मुलं हवं ते काढत आणि सतरंजीवर पसरून बसत. ही पद्धत रोहिणीने आणली होती आणि समितीने ती एका अटीवर मान्य केली होती. घट बसण्याआधीच्या मोजणीत पुस्तकं कमी भरली, तर फळ्या जातील आणि काचेची, कुलपाची कपाटं परत येतील. मोजणी शनिवारी होती.

उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसायची. रविवारी मुलं गेली की मागे उघडी पुस्तकं, ठोकळे आणि शेंगदाण्याची टरफलं राहत. आईवडील बाकावर मोबाइलमध्ये असत. आवरायला सांगितलं, की हसून म्हणत, लहान आहेत मॅडम. त्याहून वाईट म्हणजे फाटलेली पुस्तकं सापडत नसत. घरी मार बसेल म्हणून मुलं ती ठोकळ्यांच्या खोक्यात, उशीखाली, एकदा तर कूलरमागे कोंबून ठेवत.

रोहिणीने सूचनांची पाटी लावली नाही. तिने एक घंटी आणली. बंद होण्याच्या थोडं आधी ती वाजायची. मुलाने पुस्तक उचलायचं, सोबतच्या मोठ्या माणसाने फळी दाखवायची, आणि फाटलेलं असेल ते दारापाशी वेताच्या टोपलीत ठेवायचं. टोपलीपाशी कुणीही कुणालाही रागवायचं नाही. "फाटलं म्हणजे संपलं नाही," हे ती दर रविवारी सांगायची.

श्रावणापर्यंत आईवडीलही वाकून आवरायला लागले. सातपूरच्या कंपनीत सुपरवायझर असलेला रविराज तर इतका रमला, की त्याची मुलगी वेदिका उभी राहायची आणि तोच फळ्या लावायचा, पुस्तकांच्या पाठीच्या रंगाप्रमाणे. विषयाप्रमाणे लावा, असं रोहिणीने सांगितलं, तर म्हणाला, विषय लांबून कुठे दिसतो, रंग दिसतो.

टोपली भरली तेव्हा संध्या पुढे आली. ती घरी ब्लाउज शिवते. तिची दोन्ही मुलं, आरोही आणि रुद्र, दर रविवारी येत. सुटलेल्या पानांना मशीनवर शिलाई मारून मोजणीआधी आणून देते, असं ती म्हणाली. पुस्तकं बाहेर नेताना कुठेही नोंद करायचं रोहिणीला सुचलं नाही. घरच्या माणसासारखी बाई होती.

त्याच आठवड्यात संध्याची सासू नवसाबाई सिन्नरहून आली, घट बसायच्या आधी सुनेला आवरायला हात लावायला. या दिवसांत घर धुऊन निघतं. गोधड्यांपासून डब्यांपर्यंत सगळं पाण्यातून जातं. फुटकं आणि फाटकं घटापुढे घरात ठेवत नाहीत. संध्या कापड आणायला मेन रोडला गेली होती. मशीनखाली नवसाबाईला टोपली दिसली. फाटकी पुस्तकं. रद्दीत द्यावीत, तर देवीच्या तोंडावर विद्या किलोने विकल्यासारखं. कचरागाडीत टाकायचा तर प्रश्नच नव्हता. तिने एकेका पुस्तकाला हळदकुंकू लावलं, धुतलेल्या साडीत बांधलं आणि रिक्षा करून नदी गाठली.

फोन ठेवून रोहिणी थेट तिथे गेली. संध्या आधीच येऊन थांबली होती. धरणातून पाणी सोडलेलं होतं; शेवटच्या पायऱ्या बुडालेल्या. दोघी काठाने खाली बरंच चालत गेल्या. झुडपाला अडकलेलं एकच पुस्तक मिळालं. उचलताच त्याचा निम्मा भाग रोहिणीच्या हातात लगदा होऊन राहिला. उरलेल्या मुखपृष्ठावर हत्ती होता, आणि त्याच्या कपाळावर कुंकू. ते पाण्यानेही गेलं नव्हतं.

शनिवारी मोजणी झाली. दुपारी समिती बसली. नवसाबाईने येण्याचा हट्ट धरला होता, त्यामुळे ती आणि संध्या भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसल्या. रोहिणीने काहीही न वगळता सांगितलं. नोंद केली नाही, हेही सांगितलं. कार्यवाह प्रफुल्लराव पहिल्यापासून कुलपाच्या बाजूचे होते. ते आता कसे तुटून पडतील, याची ती वाट पाहत होती.

प्रफुल्लराव मात्र खुर्चीत मागे टेकले. सोडताना हळदकुंकू वाहिलं होतं का, असं त्यांनी विचारलं. नवसाबाईने होकाराची मान हलवली. मग काही अडचण नाही, ते म्हणाले. पुस्तकं हरवली असती तर गोष्ट वेगळी. ही निकामी होती आणि त्यांचं विसर्जन झालं.

"तेवढं एका ओळीत लिहून द्या, रोहिणीताई. फळ्या राहतील तुमच्या."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने आठवण काढली, की माळ्यावरही जुन्या पुस्तकांची पोती पडून आहेत. रद्दीत द्यायला कुणाचा हात धजत नाही. प्रफुल्लराव म्हणाले, मग तीही दसऱ्याआधी सोडू, नारळ माझ्याकडून. सगळे हसले. चहा आला.

रोहिणी भांडायच्या तयारीने आली होती, आणि इथे भांडणच नव्हतं. कागद समोर सरकवला गेला. एका ओळीने फळ्या वाचणार होत्या. तिने पेन उचललं.

तेव्हा नवसाबाई बोलली. तिचा प्रश्न समितीला नव्हता, सुनेला होता. "संध्या, ती शिवायची व्हती?"

संध्या खाली बघत हो म्हणाली.

"म्हंजे पुन्हा पोरं वाचणार व्हती?"

"हो, आत्या."

नवसाबाई म्हणाली, "मंग मी जित्ती सोडली पाण्यात."

हे ऐकून कुणी हसलं नाही. रोहिणीने पेनाला टोपण लावलं. पुस्तकं निकामी नव्हती, ती म्हणाली. तसं लिहिता येणार नाही. प्रफुल्लरावांनी तिला शांतपणे समजावलं, की मग ती हरवलेली धरावी लागतील, आणि अट तर तिला माहीतच आहे. विचार करायचा असेल तर बाहेर जाऊन यावं. ती बाहेर गेली नाही.

फळ्या निघाल्या. पुढच्या आठवड्यात काचेची कपाटं लागली. नियम ठरला: चावी रोहिणीकडे, मूल मागेल ते एक पुस्तक काढून द्यायचं, ते परत आलं की दुसरं. नियम मोडला तर विभाग दुसऱ्याकडे जाईल, हे प्रफुल्लरावांनी तिला बाजूला घेऊन, आवाज न चढवता सांगितलं.

रविवार आला. रोहिणीने रात्रीच ठरवलं होतं, की आज पालक चिडतील, तिला विचारतील, त्यांना सोबत घेऊन समितीकडे जाता येईल. इतके महिने वाकून आवरणारी ही माणसं होती.

लोक आले. त्यांनी कपाटं पाहिली. एका आईने काचेसमोर मुलाला उभं करून फोटो काढला. सतरंजी रिकामी होती, तिच्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. मुलं थोडा वेळ काचेला नाक लावून उभी राहिली आणि मग बाकावर जाऊन वडिलांच्या मोबाइलमध्ये डोकावू लागली. पुस्तक कुणी मागितलं नाही. कपाटं का आली, हेही कुणी विचारलं नाही.

रविराजने सगळी खोली एकदा नजरेखालून घातली. "मस्त काम झालं, मॅडम," तो म्हणाला. "आता कसं, आवरायचा प्रश्नच नाही."

रोहिणी त्याच्याकडे बघत राहिली. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच बरं वाटलं होतं.

तिने ड्रॉवरमधून चाव्यांचा जुडगा काढला. पहिलं कपाट उघडलं, मग दुसरं, मग उरलेली सगळी. खालच्या खणातली पुस्तकं तिने दोन्ही हातांनी ओढली आणि सतरंजीवर सोडली. ती घसरत बाकांपर्यंत गेली. मग वरचा खण. मोबाइल खाली आले. वेदिका वडिलांचा हात सोडून पुढे आली आणि मधोमध थांबली, हे चाललंय ते चालतं का, याचा अंदाज घेत.

"अहो मॅडम, काय करताय?" रविराज म्हणाला. "सगळं लावलेलं होतं."

"हो," रोहिणी म्हणाली. तिने आणखी एक खण रिकामा केला आणि वेदिकाकडे पाहिलं. "बस खाली."