नाव न घेतलेलं वाक्य

मी जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीच्या हॉलमधला माइक बोलतोय. ‘बोलतोय’ म्हणणंही धाडसच. आजवर मला स्वतःचं एक वाक्य सुचलेलं नाही. कारखान्यात पहिल्यांदा ऐकलं ते ‘हॅलो, चेक’. तेही दुसऱ्याचंच.

इथं आल्यापासून वाढदिवस, सत्कार, सभासदांची भांडणं सगळं माझ्यातून गेलं. लोक फुंकर मारतात, बोलतात आणि काम झालं की मला खुर्चीवर आडवा टाकतात. शब्द निघून जातात, असं मला वाटायचं.

गेल्या हळदीकुंकवाला सोसायटीतल्याच हेमावतीबाई बोलल्या होत्या, "आईच्या हाताला शेंगाचटणीचा वास यायचा. तापात तोच हात कपाळावर असायचा. अजूनही ताप आला की मला आधी तो तिखट वास येतो." पुढे पावसाळ्यात त्या वारल्या.

यंदा ‘आई’वर बोलायचं सोसायटीतल्याच भार्गवीकडे आलं. कडेवर बाळ, अर्धवट झोप. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेल्या मजकुरात तिला हेच सापडलं. खाली नाव नव्हतं. दुपारी सराव करताना ती म्हणाली, "माझ्या आईच्या हाताला शेंगाचटणीचा..." आणि माझ्यातून कुणीतरी श्वास घेतला.

तिनं बटण बंद केलं. श्वास चालूच.

मग तिनं शब्द बदलले. शेंगाचटणीची लसूणचटणी केली, तापाची डोकेदुखी. श्वास आणखी जवळ आला.

खुर्च्या मांडणारी शिवलीला, हेमावतीबाईंची मुलगी, थांबली. "वहिनी, तुमच्या आई बँकेत होत्या की. चटणी कधी कुटली त्यांनी?"

"अगं, भाषणात चालतं थोडं."

"चालतं की. पण माझ्या आजीचा हात नेलात तुमी."

"मजकुराखाली नाव नव्हतं गं."

"शोधलं होतं का?"

भार्गवी बाळाला थोपटत राहिली. बाळ झोपलेलंच होतं.

संध्याकाळी हॉल भरला. भार्गवीनं मला हातात घेतलं. "पुढचं बोलणं माझं नाही," ती म्हणाली. "ते हेमावतीबाईंचं, त्यांच्या आईबद्दलचं." मग एकही शब्द न बदलता तिनं ते सांगितलं. श्वास थांबला. शिवलीला तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"माझ्या आईच्या हाताला कसला वास यायचा, मला आठवत नाही," भार्गवी पुढे म्हणाली. "घरी गेल्यावर फोन करून विचारते." बायका हसल्या. एकदोघी हसल्या नाहीत.

आता माझी जाळी गंजलीय, वायरीला चिकटपट्टी आहे. कार्यक्रम नसला की मला कपाटात ठेवतात. तिथं मी एकटा नसतो. आजवर कितीतरी जण दुसऱ्याचे शब्द नाव न घेता बोलून गेलेत. ज्यांचे ते शब्द होते, ती माणसं अंधारात माझ्यापाशी श्वास घेत बसलेली असतात.

म्हणून सांगतो. कुणाचं आवडलं तर खुशाल घ्या, पण आधी नाव सांगा. शोधूनही सापडलं नाही, तर हे माझं नाही एवढं तरी म्हणा. तेवढ्यानंही त्यांच्यातलं कुणीतरी उठून घरी जातं.