गंधक गेलं कुठे?

गॅरेजसमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. स्टुलावर उभे राहून नॅनोमहाराज बोटभर बाटली नाचवत होते. "केसाचे दहा हजार तुकडे करा, त्यातल्या एकाएवढे कण! दोन थेंब टाका, डिझेलमधलं गंधक गायब. मग धूर नव्हे, नुसती बागेतली हवा."

एकाच डब्यातलं डिझेल त्यांनी सगळ्यांदेखत दोन बरण्यांत ओतलं होतं. बरण्या गरम पाण्यात होत्या, प्रत्येकीत तांब्याची एक पट्टी. गंधकाने तांबं काळं पडतं; साध्या डिझेलमधली पट्टी काळीठिक्कर पडली, थेंबवाली लखलखत राहिली.

गॅरेजवाल्या दादाने लगेच खिडक्यांना फळ्या ठोकायला घेतल्या. आता जनरेटर आतच चालवायचा, शेजाऱ्यांची आवाजाची कटकट नको. मागच्या खोलीत त्याचे वडील, आप्पा, झोपत आणि त्यांची छाती आधीच भात्यासारखी वाजत असे.

दादाची धाकटी बहीण तेलशुद्धीकरण कारखान्याच्या प्रयोगशाळेतून घरी आली, फळ्या पाहिल्या आणि गर्दीतून वाट काढत थेट स्टुलापाशी गेली.

"आलीस? तुझा कुजक्या अंड्यांचा वास जरा लांब ठेव," दादा म्हणाला. चेष्टा रोजचीच होती, पण आज ती कामाला आली.

"महाराज, यातलं गंधक गेलं कुठे?" तिने विचारलं.

"विरलं, ताई. नॅनोची लीला."

"आमच्याकडेही बारीक कणांचा उत्प्रेरक असतो. तो नुसता लग्न जुळवणारा मध्यस्थ, नवरा वेगळा आणावा लागतो. आम्ही हायड्रोजन आणतो, भट्टीच्या उष्णतेत, प्रचंड दाबाखाली. मग गंधक त्याच्याबरोबर वायू होऊन निघतं, आणि त्याला कुजक्या अंड्यांची घाण येते. तुमच्याकडे ना नवरा, ना वास."

"वास नाही, हीच तर कमाल."

"मग ती चकचकीत पट्टी द्या बघू."

"तिला परक्याचा हात चालत नाही," महाराज म्हणाले.

"माझ्याच गॅरेजात माझी बहीण परकी?" दादाने पट्टी काढून तिच्या हातात दिली.

तिने ती पुसून नखाने खरवडली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ साल निघाली. "बिनरंगी नेलपॉलिश," ती म्हणाली आणि पट्टी परत थेंबवाल्या बरणीत सोडली. थोड्याच वेळात खरवडलेली जागा काळी पडली. थेंबांनी काहीच केलं नव्हतं.

दादा फळ्या उपटू लागला.

"नॅनो खोटं नाही," ती लोकांना म्हणाली, "पण नाव शास्त्राचं असलं म्हणून डोकं गहाण टाकायचं नसतं. टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा, गेलं कुठे?"

उघड्या खिडकीतून आप्पांनी डोकं बाहेर काढलं. "आणि महाराज गेले कुठे?"

स्टूल रिकामं होतं.

"तेवढे मात्र खरंच विरले, आप्पा," दादा म्हणाला आणि त्याने जनरेटर अंगणात ओढला.