हात दिसेनासा होईपर्यंत

कोलशेतच्या मिठागरामागं तुळसानं माशांसाठी तळं धरलं होतं. शेण नि पेंड कालवून तिनं पाणी हिरवंगार केलं होतं, कारण बोय माशांची पिल्लं त्या हिरव्यावरच पोसतात. रोज सकाळी ती काठावर ओणवी होऊन कोपरापर्यंत हात बुडवी. पंजा दिसेनासा झाला की म्हणे, "झालं जेवण तयार."

आज तिची चार वर्षांची गोमी घरात नव्हती. नवरा आगगाडीनं कल्याणच्या बाजाराला गेलेला. काठावर गोमीची खेळायची करवंटी तेवढी पडली होती.

तुळसा छातीभर पाण्यात उतरली. आतलं काहीच दिसेना, म्हणून पायांनी तळ चाचपू लागली. काही मऊ लागलं की बुडी मारून हात घाली, मासाच निघे. पाणी इतकं दाट केल्याबद्दल तिनं स्वतःला शिव्या घातल्या.

तेवढ्यात समोरच्या काठावरून आवाज आला. गोमी गवतात पालथी पडून पाण्यात हात घालत होती.

"आये, पंजा गेला. कोपर पन गेलं."

तुळसानं हाक गिळली. पोर दचकली असती. आवाज न करता ती पाणी कापत निघाली.

"आता खांदा," गोमी म्हणाली.